दुसऱ्याची पाळी

तुम्ही कॅरमचं काढलंत म्हणून आठवलं. पंच्याऐंशी-शहाऐंशीला मी रत्नागिरीत बँकेत होतो, तेव्हा माझे घरमालक होते हसनचाचा. जहाजावरून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगे कुवेतला. पडवीत त्यांचं पिनबॉलचं, म्हणजे काचेखाली लोखंडी गोळी उडवून गुण मिळवायच्या खेळाचं, लाकडी मशीन होतं, मुंबईच्या कुठल्याशा क्लबातून मोडीत घेतलेलं.

एका सकाळी मशीनखाली लाकडाचं पिवळं पीठ पडलेलं दिसलं. शेजारी म्हणाला, "चाचा, जाळून टाका. भुंगा घराच्या वाशांना लागेल."

चाचांचा चेहरा उतरला. मीही एकटाच राहायचो, रविवार खायला उठायचा. म्हटलं, "आपण बघू या."

पोखरलेला भाग आम्ही तासून काढला, भोकाभोकात इंजेक्शनच्या सुईने रॉकेल सोडलं आणि वाळल्यावर भुशात सरस कालवून लिंपलं. एक बाजू पार पोकळ झाली होती, तिथे फणसाची फळी बसवली. पीठ पडायचं थांबलं.

मग चाचांनी मशीन सुरू केलं. एक गोळी खेळले आणि मागे सरले. "आता दुसऱ्याची पाळी," असं म्हणून पुन्हा स्वतःच पुढे झाले.

मी विचारलं, "यात एकट्याचा खेळ होत नाही का?"

"होतो की. पण मग घरात कोणी नाही असं वाटतं."

मी त्यांना हळूच बाजूला केलं आणि दुसऱ्याची पाळी खेळलो. शेवटी नशिबाने जिंकलोही. चाचांनी दोघांचे आकडे पुन्हा एकदा वाचून पाहिले.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "इतकी वर्षं हरलो तरी मीच जिंकायचो."