दीड वीत, पण कुणाची?

हॅलो? … हॅलो, कळंब? … कोंडीराम अडत्यांचं दुकान? … कोण, मामा? रामराम मामा. मी हिंमतराव. … व्हय, तुमचा जावई. नळदुर्गहून बोलतोय, पेट्रोल पंपावरनं. … न्हाय, न्हाय, जळकोटला सगळी खुशाल हाईत. … गाडी? गाडी बी खुशाल हाय. … निघालोच हुतो. म्हंजे निघायचं म्हणून नळदुर्गपतोर आलो, अन् … ते सांगतो, मामा. आधी जरा सारजाला बोलवता का? … व्हय, घरातनं. … थांबतो की.

…

हॅलो, सारजा? … मी. … मोठ्यानं बोल. … अगं, फोन उलटा धरलाय का? वायरीकडचं तोंडाला लाव, दुसरं कानाला. … आता आलं. … तिथं कोण कोण हाय? … मामा गल्ल्यावर. हमाल बी? … अन् तू पदर तोंडात धरून उभी. बरं, मग असं कर, तू काय बोलूच नगस. मी बोलतो, तू नुस्तं हूं म्हण. … हां, असंच.

ऐक. आज यायला जमत न्हाय. … अगं ऐक ना. … हूं म्हणायचं ठरलंय ना? … ठाऊक हाय मला. परवा अवस. त्या दिशी मामा तुला उंबरा वलांडू देणार न्हाईत, अन् तिथनं आखाड लागला की माहेरी असलेली नवी सून महिनाभर सासरी धाडत न्हाईत. मधी उद्याचा एकच दिस. म्हणून तर फोन लावला.

शॉकप बसंना. … शॉकप, शॉकप. मागच्या चाकापाशी झटका गिळायचं नळकांडं असतंय, ते. … अगं, तूच न्हाईस का मोजलं? चाकामागं माझा पंजा जाईना, तवा तू बांगड्या कोपरापतोर सारून हात घातलास, अन् दीड वीत म्हणालीस. … व्हय, तेच. सोलापूरहून नवं मागवलं, भारीतलं. कुणासाठी? तुझ्यासाठीच की. मागच्या खेपेला येडशीच्या उतारावर लोणच्याची बरणी तुझ्या मांडीवर फुटली, तवापासनं तूच म्हणतीस, ह्या गाडीत पुन्यांदा बसणार न्हाय.

तर म्या सोलापूरच्या दुकानदाराला फोनवरनं माप सांगितलं. दीड वीत. … वीतच सांगितली. तू वीत म्हणालीस, म्या वीत म्हणालो. … इंच कशाला विचारील त्यो? त्यानं आपला पंजा पसरला अन् मोजून दिलं. … त्यो तालमीतला गडी हाय, सारजा. नागप्पा मिस्त्री म्हणतो, त्याचा पंजा म्हंजे पत्रावळ. … हसलीस का? … हूं न्हाय, हसलीस तू. ऐकू आलं हितं.

मग काय, नागप्पानं बसवलं की. त्यो कशाला मागं हटतोय. जॅक लावून गाडी उचलली, नळकांडं आत सारलं. तर वरचं भोक मोठं अन् बोल्ट बारीक. खुळखुळ्यासारखं वाजाय लागलं. म्हणला, मधी घालायला रबर पाहिजे. … माझी चप्पल. … डाव्या पायातली. टायरच्या तळाची म्हणून त्याच्या डोळ्यात भरली. टाच कापून घेतली त्यानं. … न्हाय, चालतोय चांगला. आता एक पाय स्टुलावर ठेवून बोलतोय, फरशीवर ऑइल सांडलंय.

मग जॅक काढला. अन् गाडी खाली येईना. … म्हंजे पुढनं आली, मागनं न्हाय. गाय उठती तशी. आधी मागचं उचलती, मग तोंड. हिनं तोंड उचललंच न्हाय. … बसून बघितलं की. घसरून छाती स्टिअरिंगवर येती. नागप्पा म्हणला, मागच्या झाकणावर दोन पोती ठेवा, दबंल. धाब्यावरनं ज्वारीची पोती आणून ठेवली. … न्हाय दबली. शॉकप आधीच पुरा दबून बसलाय, त्याला आणखी दबायला जागाच न्हाय. पोटभर जेवलेल्याला भाकरी वाढली तर त्यो गिळंल का? तसं हाय. खड्डा आला की थेट मणक्यात. पंपापतोर आणली तेवढ्यात टोपी दोनदा उडाली.

ट्रकवाले थांबून बघत्यात. एक जण विचारतो, शेठ, ही वाकून कुणाच्या पाया पडतीया? … म्या सांगितलं, तोंड तुळजापूरकडं हाय, दिसत न्हाय का.

… जुनं? जुनं कुठं ऱ्हायलंय आता. गंजून बसलेलं. नागप्पानं घण घातला, तर तुकडे झालं. माप तरी कशाचं घ्यायचं? …

हॅलो … कोण? … हां, एक्सचेंजच्या बाई, बोलतोय, बोलतोय. तोडू नका. … हॅलो? सारजा? … खरखर लई झाली. सारजा, हाईस ना? … हां. … हूं?

आवाज का असा जड झाला? … रडतीस का काय? … न्हाय, न्हाय, तू बोलू नगस. नुस्तं हूं म्हण. … हां.

ऐक, चूक माझीच हाय. मामांच्या म्होरं फुशारकी मारायला नको हुती. तुमची लेक एस.टी.च्या धुरळ्यात न्यायची न्हाय, माझ्या गाडीत नेतो, म्हणलो. … हूं? एवढ्या झटक्यानं हूं म्हणू नगस गं, थोडी तरी माझी बाजू घे.

पण मामा बी काय कमी न्हाईत. … हूं? तुझं बी तेच मत हाय? म्या आपला बोलायला भीत हुतो. म्हातारं वरनं गोड बोलतंय, पण आखाडाचं नुस्तं निमित्त. लेक ठेवून घ्यायची, एवढंच मनात. … हूं? बघ, तुला बी कळतंय.

आता खरं सांगू का? … तू जळकोटात ऱ्हायाचीस तवा उभ्या गाडीत बसून हॉर्न वाजवायचीस. आई वरडायची, कोंबड्या पळायच्या. तू गेल्यापासनं त्यो हॉर्न कुणी वाजवला न्हाय. घर कसं मुकं झालंय. काल म्या जाऊन एकदा वाजवला, तर आईनं आतनं विचारलं, सारजा आली का? … हूं.

… नाक शिंकरलंस का? … बरं, बरं.

तर असं हाय. हे नळकांडं परत धाडायचं म्हणलं तर नवं माप पाहिजे. अन् त्या चाकामागं जातो त्यो हात तुझाच. तुझ्या हाताबिगर ही गाडी काय जागेवर बसायची न्हाय. अन् गाडीचं जाऊ दे, माझं बी तसंच हाय. … उद्याच्या एस.टी.नं येशील का? … सारजा? … अगं, हूं तरी म्हण.

… कोण?

… मामा?

… मामा, तुमी कवा … म्हंजे फोन कवापासनं तुमच्या हातात … ? … खरखर झाली तवापासनं. … बरं. … अन् सारजा? … मामींनी हाक मारली म्हणून आत गेली. बरं.

… म्हातारं? ते … ते म्या नागप्पाला म्हणत हुतो, मामा. … व्हय, नागप्पाला बी लेक असंल की. … हूं. … हूं. … न्हाय, मामा. … हूं.

… काय म्हणला? … सुतळी?

… व्हय की. सुतळीनं बी माप घेता येतंय. चाकामागं सोडायची, ताणून गाठ मारायची. … न्हाय, सुतळी हाय की हितं. पोत्यांच्या तोंडाला हाय. … आमच्या ध्यानातच आलं न्हाय. … नागप्पाच्या बी न्हाय. … हूं, मामा. सुतळीला माहेर नसतंय, ते बी खरं.

… मग ठेवू का? … आँ? … सारजाला धाडता? … उद्या? … सकाळच्या एस.टी.नं, सुतळीच्या तोड्यासंगट? … चालतंय की, मामा. पळतंय. … धुरळ्याचं काय, झटकला की गेला. … म्या नळदुर्गच्या स्टँडवर उभा ऱ्हातो. … व्हय, दोन्ही पायात चप्पल घालून.

… अजून काय? … हॉर्न?

… हूं, मामा. तेवढा नीट वाजतोय.

… ठेवतो. रामराम.