हुतात्म्याचा पाळणा

चाकणच्या एसटी थांब्यावर कुशाबाई हाराची पुडी घेऊन बसल्या होत्या. गोव्याच्या सत्याग्रहात गेलेल्या ज्योतीरामचं घर अन् त्याचा पाळणा बघायला त्या निघाल्या होत्या. शेजारी दोघी बोलत होत्या.

"उद्या नातवाचं बारसं, अन् पाळणा गं?"

"ज्योतीरामच्या आईनं दिला."

"त्यो? त्याला तर लोकं हार घालत्यात."

"मूळचा साऱ्या आळीचाच हाय त्यो. ज्योतीच्या आधी माझा गेनू निजलाय त्यात."

"तरी मागवलं कसं तुला?"

"मी कुठं मागितला? तिनंच हार उतरवलं. म्हनली, येनारा-जानारा रिकामा पाळणा हलवतो, मला सोसत न्हाई. तुझं लेकरू निजव."

कुशाबाईंनी पुडी नातवाच्या आजीच्या मांडीवर ठेवली.

"बारशाला बांधा."