साहेबांसाठी घातलेलं गाऱ्हाणं

अरे, आधीच आमचा पक्ष विरोधात, त्यात फुटलेला, तेव्हा साहेब आमच्या वर्तकनगरात आलेले. सभेआधी सावंतकाकांनी नारळ ठेवून मालवणी पद्धतीने गाऱ्हाणं घातलं.

"जे साहेबांका सोडून गेले, तेंका बुद्धी दी रे महाराजा!"

"होय महाराजा!" अख्खा हॉल दणाणला.

काकांना चेवच चढला. "आणि जे आज हयसर बसले हत, तेंतलो एकव उद्या तिकडे जाव नये रे महाराजा!"

स्टेजवरच्यांनी मोबाईल काढले. आम्ही जन्मभर साहेबांनाच मत देणारे, आम्हीपण खाली बघत बसलो. काका आपले हात जोडून उभेच.

शेवटी एकटे साहेबच हळू आवाजात म्हणाले, "होय महाराजा."