बिनफोटोची सभा

— नाही, रय्यान नाही. त्या मेल धाडणारी मीच. उज्मा. रय्यान माझा भाऊ, तो अकोल्याले गॅरेजात हाय, त्याले मेल कशी धाडतात तेही माहीत नाही — काहून असे पाहून राहिले? बसा ना, देवीदासभौ. अब्बा आतच हायेत, त्यांनीच दार उघडलं ना तुमाले. पुण्याहून एवढ्या दूर दर्यापूरले आले, आमचा सॉफ्टवेअरचा गट खरा हाय का खोटा ते पाहाले, तर पाहा. हे कॉम्प्युटरचं मशीन, ह्या सतरंज्या. दर शनवारी बाया येतात. लाइट असली तर मशीनवर शिकतात, नसली तर — आन् नसतेच, लोडशेडिंगनं अर्धा दिवस असाच जाते — तर कागदावर शब्द बसवतात. तुमच्या सॉफ्टवेअरच्या मराठी मेन्यूतले कितीक शब्द ह्याच सतरंजीवर बसून केले आमी. ते चालले तुमाले. शब्द चालले, बाया नाही चालत?

भावाचं नाव काहून लावलं? पहिले माझंच होतं. संपर्क द्या, असा नियम ना तुमचा? टाकलं वेबसाइटवर नाव, गाव, घरचा फोन. मंग सुरू झाले फोन. सॉफ्टवेअरचं कोणाले काही विचाराचं नव्हतं — "मॅडम, आवाज छान हाय तुमचा" — असले. एक दिवस अब्बांनी उचलला. फोनची वायर काढली आन् कॉम्प्युटरवर चादर टाकली. पूरा पावसाळा होती ती चादर. मीच काढली मंग. म्हटलं, अब्बा, नाव बदलते, काम नाही बदलत.

आन् खरं सांगू? रय्यान झाली तर मजा आली. मेलच्या लिस्टवर कसे भांडाचे तुमी! 'सेव्ह'ले 'जतन करा' म्हणाचं का 'ठेवा' — संपतच नव्हतं. "रय्यानभाऊ, तुमचं चुकतंय." मले कोणी इतक्या मनापासून चूक म्हटलंच नव्हतं कधी. बाई हाय हे माहीत असतं तर म्हटलं असतं? नसतं म्हटलं. 'छान प्रयत्न' म्हणून मोकळे झाले असते. घरचा फोन बंद म्हणून नेटही बंद, तर सायबर कॅफेत जाऊन पाहाची, तुमचं उत्तर आलं का. नसलं आलं तर तो दिवस — जाऊ द्या. ते लिहू नका.

गटाच्या मान्यतेचं बोला. सगळ्यायची नावं पाहिजे, सभेचे फोटो पाहिजे, तवाच गट चालू हाय म्हणून मानाल. नाही भेटणार. कौशल्याकाकू येते इथं, बाजूच्या खेड्यातून. मागं कापूस हातचा गेला तवा शहरातले पेपरवाले आले होते. ती वावराच्या धुऱ्यावर बसून रडून राहिली होती, काढला फोटो. पहिल्या पानावर, नावासगट. पोरीचं लग्न जमलं होतं, पोराकडचे लोकं म्हणे, यांच्या घरात काहीच नाही, पेपरातच आलं. मोडलं लग्न. तिच्यावर कॅमेरा धरू मी? त्या मशीनवर पहिल्यांदा तिनं आपलं नाव टाइप केलं, घडीभर पाहिलं, आन् पुसून टाकलं. म्हटलं, काहून काकू? म्हणे, राहिलं तर कोणी घेऊन जाईन.

— कॅमेरा बॅगेत टाका. नाही, पाठमोरा पण नाही. हाताचा पण नाही.

माझं लिहा. रय्यान खोडा, उज्मा परवीन लिहा. अब्बा ऐकून राहिले तर ऐकू द्या. वायर मीच लावीन, फोन आले तर मीच उचलीन. पण हे एकच नाव भेटेल तुमाले. एका नावाचा गट नसते? मंग मान्यता ठेवा तुमच्याजवळ. मान्यतेसंगं येणारा सॉफ्टवेअरच्या सीड्यांचा खोका नका धाडू, आमी एकीच्या धा करू. कोणीही वापरा, कोणीही वाटा, कोणाले विचारू नका — असंच लिहिलं हाय ना सॉफ्टवेअरच्या लायसनमध्ये? ते तर फोटो नाही मागत!

— थांबा. गल्लीत आवाज येऊन राहिला. बाया आल्या. उठा भौ, चहा राहू द्या. दारात तुमचे बूट हायेत, मर्दाचे बूट दिसले का त्या उंबरठ्यावरूनच वापस जातात. मागच्या दारानं निघा, मी बूट आणून देते — अरे? इथंच तर होते. अब्बा, यांचे बूट —

...

मागच्या दारात नेऊन ठेवले म्हणे अब्बांनी. कवाचेच.

जा, भौ.