बावन्नावं पान

प्रबंधाची पानं जुळवताना बाइंडरचे कान काउंटरपलीकडे होते. तिथे प्राध्यापक आणि त्यांची विद्यार्थिनी हमरीतुमरीवर आले होते.

“बावन्नाव्या पानावरचा तो एक बिंदू काढून टाक. आलेख सरळ येईल.”

“सर, अकरा वेळा मोजलं. अकराही वेळा तो रेषेबाहेरच आला.”

“वीस वर्षं मी ती रेषा सरळ शिकवतोय!”

“म्हणून तो बिंदू काय रेषेवर येऊन बसणार?”

“परीक्षकांपुढे माझी शोभा करायचीय तुला?”

“मोजलंय ते मी लपवणार नाही.”

“मग माझी सही मिळणार नाही. बस घरी!”

“दादा, सरांच्या सहीची जागा कोरी राहू द्या. बावन्नावं पान मात्र घट्ट शिवा.”

बाइंडरने सुईत दुहेरी दोरा ओवला.