पाठीवरचा कोरा पट्टा

व्हिएतनाममधल्या ह्युए शहराच्या पासपोर्ट कचेरीतली रांग हलेना, तेव्हा होआनने पुढच्या दोघींच्या गप्पांना कान लावला.

"अगं मिएनची आई, तुझ्या पोरीने काढलेला फोटो बर्लिनच्या गॅलरीत लागलाय म्हणे."

"लागलाय ना, भिंतभर. तिच्याच उघड्या पाठीचा."

"अगबाई. नुसती पाठ?"

"ताप आला की आपण तेल लावून नाण्याने पाठ खरवडतो ना, त्याचे लाल वळ आहेत. नाव दिलंय 'आईचा हात'."

"मग लोक काय म्हणाले?"

"एक बाई रडली. म्हणाली, आई फार मारायची का गं?"

"घ्या. बर्लिनभर कैदाशीण झालीस की तू."

"होऊ दे. पण तो हात माझा नव्हेच. माझे वळ माशाच्या काट्यासारखे सरळ येतात. हे वेडेवाकडे, खांद्यावर आणि कमरेशी नुसती गर्दी."

"तिथल्या एखाद्या मैत्रिणीने ओढले असतील. त्यांना काय जमतंय."

"मीही तेच म्हणून हसले. मग फोटो मोठा करून बघितला, तर मधली वीतभर पाठ कोरी."

"ती का कोरी?"

"तुझा हात मागे नेऊन बघ, कुठवर पोचतो."

तिने नेला, तो मधल्या पाठीपर्यंत पोचेना. मागे होआनचाही नकळत गेला.

मग रांग एक पाऊल सरकली.

"तिथली भाषा तुला ओ की ठो कळत नाही. जाऊन करणार काय?"

"पोरगी पाठ करून बसेल, मी नाणं काढीन. बोलायचंय कशाला?"