विमानासाठी जळकं तेल

नाही नाही, सुलक्षणाताई, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हलतो — इकडे या, पंख्याखाली. दाखल्यासाठी गोदाम तपासायचंय ना? तपासा की. पन्नास पिंपं आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी — तेल कुठून उचललं, कशाचं, कोणत्या तारखेला. तुमच्याच लोकांनी शिकवलं ते. देवपूरच्या ना तुम्ही? मग काय, घरच्याच! माझी आत्या देवपूरलाच दिलेली — चहा सांगू? नको? बरं. बाटल्या भरा, सील लावा, तुमचं काम चालू द्या. मी आपला बोलत बसतो. माणकचंदचं तोंड आणि वेफरची कढई, दोन्ही दिवसभर थंड होत नाहीत, असं सगळी गल्ली म्हणते.

लोक हसले हो मला. जळगावात माणूस सोनं घेतो, केळी घेतो, आणि हा जळकं तेल गोळा करतो! पण बघा, केळीच्या वेफरचे सहा कारखाने या एका गल्लीत — त्यातला एक माझा — वर सोनगीरपर्यंतचे ढाबे. आमचा उखर्डू पिकअप घेऊन फिरतो. आधी हे तेल कुठे जायचं? गटारीत, नाहीतर कुणाच्या तरी भज्यांत परत. आता? आता त्याचं इंधन होऊन परदेशी विमानात जातं! आणि फसवाफसवी इथे चालायची नाही, माझं नाक आहे ना. डोळे बांधा, वासावर सांगतो — हे वेफरचं, हे शेवेचं. कांदा जन्मात खाल्ला नाही, पण कांदाभज्यांचं तेल दहा हातांवरून ओळखतो.

खरं सांगू? धंद्यासाठी नाही केलं मी हे. नात आहे माझी, पलक. जर्मनीत शिकते. चार वर्षं झाली, घरी आली नाही. का? पैसे नाहीत? आहेत. सुट्टी नाही? आहे. पोरगी विमानात बसत नाही! म्हणते, दादाजी, माझ्या एका येण्याजाण्यात जेवढा धूर, तेवढ्यात उखर्डूकाकांची पिकअप कित्येक महिने फिरेल. मी म्हटलं, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बघत मामाकडे वाढलीस, तेव्हा नाही दिसला धूर? म्हणाली, दिसला, म्हणूनच. घ्या! आता हिच्याशी काय बोलणार? इकडे तिची आजी, आमची मोहनबाई — नजर जात चाललीय तिची. डॉक्टर म्हणाले, असेल-नसेल वर्षभर. रोज एकच — दिसतंय तोवर पोरीचं तोंड बघू द्या. शेवटी मीच म्हटलं पलकला, तुझं विमान आपल्या वेफरच्या तेलावर उडवतो, मग तर येशील? हसली. म्हणाली, दाखला आला की तिकीट काढते. फक्त एक विचारलं — तेल खरंच तळून झालेलं ना, दादाजी? कोरं पाम तेल नको हं, त्यासाठी तिकडे जंगलं पाडतात, मग धूर वाचला कुठे? मी काय म्हणालो? म्हटलं, माणकचंदच्या पिंपात कोरं तेल निघालं तर नाक कापून देईन.

ती कोपऱ्यातली? तीही तसलीच. नका उघडू, ताई, झाकण घट्ट आहे, हात — उघडलंत? बरं. मी वास घेऊ? मी? सर्दी आहे हो सकाळपासून, आज नाही सांगता यायचं. ते राहू द्या, एक गंमत ऐका. आम्हा जैनांच्या पर्युषणाचे आठ दिवस या गल्लीत भट्टी पेटत नाही. सहाच्या सहा कारखाने बंद. एका वर्षी मोतीलालनं मागच्या दाराने पेटवली गुपचूप, मुंबईची मोठी ऑर्डर. आमची मोहनबाई, सहावा उपवास चालू, काठी टेकत गेली आणि त्याच्या दारात आसन टाकून बसली — हातात माळ, तोंडातून शब्द नाही! मोतीलाल घामाघूम. काकी, विझवली हो, आता तरी उठा! तेव्हापासून त्या आठ दिवसांत गल्लीत तेलाचा बुडबुडा उठला नाही. यंदाही नाही — वीस ऑगस्टपासून सत्तावीसपर्यंत, कढया पालथ्या, कुणालाही विचारा —

काय बघताय? चिठ्ठी? ‘केळी वेफर, गल्लीतलं, तेवीस ऑगस्ट.’ हं. ते — ते आधीचं असेल, उखर्डूनं चिठ्ठी उशिरा — शेजारचंही बघताय? चोवीस. पंचवीस.

अक्षर माझंच आहे.

सहा-सहा पिंपं रोजची, नीट ओळीत लिहिली. चाळीस वर्षं पर्युषण पाळतोय, आणि तारीख टाकताना हात अडला नाही, बघा. टँकर महिनाअखेरीला येणार होता, ताई, आणि आठ दिवस भट्ट्या बंद, पिंपं भरणार कशी? पन्नासाला एक कमी भरलं की टँकरवाल्या कंपनीच्या यादीतून नाव बाद, मग कसला दाखला आणि कसलं तिकीट? उखर्डूनं उतरवतानाच सांगितलं होतं — ‘शेठ, हाई ते बठ्ठं कोरं शे.’ मी म्हटलं, सगळं कोरं असू दे, तू गाडी चालव. अठरा पिंपं आहेत फक्त. बाकीची खरी आहेत, आईशपथ खरी आहेत. तेवढी अठरा तुम्ही नाही पाहिली असं — तुमच्याही घरी म्हातारी असेल ना कुणी? हळू बोला, मोहनबाई आत झोपलीय — तुम्ही कुठे बोलताय म्हणा, मघापासून मीच बोलतोय.

पेन का थांबलं? नका थांबवू. लिहा. अठरा.

आता उठा, ताई. बाटल्या घ्या तुमच्या. जर्मनीत सकाळ झाली असेल, फोन उशाशी घेऊन बसली असेल पोरगी. तुमचा कागद पोचायच्या आत मला तिच्याशी — जा तुम्ही. आणि जाताना दार ओढून घ्या, आत ऐकू जातं.